सरस, स्नायू आणि जव्हारचा पाऊस

१३८८ सालच्या उन्हाळ्यात कोरियाचं एक मोठं सैन्य यालू नदीतल्या विह्वा नावाच्या बेटावर अडकून पडलं होतं. राजाचा हुकूम होता, नदी ओलांडून मिंग चीनवर चालून जा. पाऊस लागलेला, नदीला पूर. सेनापती यी सोंग-ग्ये याला ही मोहीम पहिल्यापासून पटलेली नव्हती आणि विरोधाची चार कारणं त्याने दरबारापुढे मांडली होती. त्यातली तीन कुठल्याही सेनापतीला सुचतील अशी: लहान राज्याने मोठ्याशी भांडू नये, ऐन कामाच्या दिवसांत माणसं हलवू नयेत, सैन्य उत्तरेला गेलं की दक्षिणेत जपानी चाचे उतरतील. चौथं कारण मात्र कारागिराच्या तोंडी शोभेल असं होतं. या दमट उकाड्यात धनुष्यांचा सरस सुटतो आणि सैन्यात रोगराई पसरते. राजाने ऐकलं नाही. सेनापतीने सैन्य वळवलं ते थेट राजधानीवर, आणि चार वर्षांनी तो स्वतःच गादीवर बसला. त्याच्या घराण्याने पुढे पाचशेहून अधिक वर्षं राज्य केलं.

या बंडाचं सगळं श्रेय सरसाला देण्यात अर्थ नाही. पण ओल्या हवेत धनुष्य सुटतं हे कारण भर दरबारात सांगण्याजोगं होतं, ऐकणाऱ्याला ते समजावून द्यावं लागत नव्हतं, एवढं यातून नक्की कळतं.

पालघर जिल्ह्यातल्या जव्हार आणि मोखाडा या तालुक्यांत उभं राहिलं की ही कोरियन सबब अगदी ओळखीची वाटते. जव्हार समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटरवर आहे आणि वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलतं. तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. खोडाळा-सूर्यमाळच्या बाजूला ढग घरात शिरतात म्हणतात ते शब्दशः खरं आहे. काडेपेटी पेटत नाही, मिठाला पाणी सुटतं, चामड्याच्या चपलेवर एका रात्रीत पांढरी बुरशी येते. अशा मुलखात वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकर, कातकरी या समाजांनी पिढ्यान्‌पिढ्या तिरकामठा वापरला. त्यावर सरस नाही, स्नायूंचा थर नाही, शिंगाची पट्टी नाही. बांबूचा एक दांडा आणि एक दोरी.

हा साधेपणा पाहून अनेकांना ते मागासलेपण वाटतं. शस्त्रांच्या इतिहासाची पुस्तकंसुद्धा धनुष्यांची उतरंड अशी लावतात, की तळाला एका काठीचं धनुष्य आणि शिखरावर तुर्कांचं शिंग-स्नायूंचं. मला ही उतरंडच चुकीची वाटते. ती लावणाऱ्यांनी हवामान हिशेबात धरलेलं नाही.

आधी त्या शिखरावरच्या धनुष्याची गोष्ट. धनुष्य वाकवलं की त्याची बाहेरची बाजू, म्हणजे पाठ, ताणली जाते आणि धनुर्धराकडची बाजू, म्हणजे पोट, दाबली जाते. बहुतेक लाकूड एक टक्क्याच्या आसपास ताणलं की तुटायला लागतं. जनावराच्या पायातले किंवा पाठीतले स्नायुबंध मात्र तीन-चार टक्के ताण सोसून परत मूळ लांबीवर येतात. म्हणून मध्य आशियातल्या घोडेस्वारांनी लाकडाच्या पाठीवर स्नायूंचा थर चढवला, पोटाला शिंगाची पट्टी लावली आणि हे सगळं सरसाने जोडलं. आखूड धनुष्यातून दूरचा मारा शक्य झाला. १७९८ मध्ये तुर्की सुलतान तिसऱ्या सेलीमने मारलेला बाण सुमारे ८८९ मीटर गेल्याची नोंद आहे.

करायची पद्धत वाचायला सोपी, हाताला अवघड. स्नायुबंध वाळवून लाकडी हातोडीने ठेचायचे, त्याचे केसासारखे तंतू सोडवायचे, चरबी काढायची. मग कोमट सरसात भिजवून एकेक जुडी पाठीवर लांबीच्या दिशेने बसवायची. वाळताना हा थर आकसतो आणि अख्खं धनुष्य उलट्या दिशेला ओढतो. म्हणजे दोरी चढवण्याआधीच त्यात ताण भरलेला असतो. एक थर वाळला की दुसरा. घाई केली तर वरचं वाळतं, आतलं ओलं राहतं. चांगल्या तुर्की धनुष्याला वर्ष-दोन वर्षं लागत, त्यातला बराचसा काळ नुसता वाळण्याचा.

अडचण अशी, की स्नायुबंध म्हणजे कोलॅजन हे प्रथिन आणि सरसही कोलॅजनच. कातडी, हाडं, स्नायुबंध पाण्यात उकळून जे निघतं तोच सरस. फेव्हिकॉल येण्यापूर्वी आपल्या सुतारांच्या कोपऱ्यात जो वासाचा डबा गरम पाण्यात बसवलेला असे, तोच हा. जे पाण्यातून आलं ते पाण्यात परत जातं. कोमट पाण्यात सरस विरघळतो, आणि पाण्याचा थेंबही न लागता नुसत्या दमट हवेत राहिला तरी ओलावा ओढून मऊ पडतो. स्नायूही तसेच फुगतात, सैल होतात. पावसाळ्यात डफ किंवा हलगी आधी शेकोटीवर धरल्याशिवाय बोलत नाही, ते याच कारणाने. फक्त वाद्य बेसूर झालं तर पुन्हा शेकता येतं. ताण दिलेल्या धनुष्याचा थर मऊ झाला तर दांडा पिळवटतो आणि एकदा पिळवटला की सहसा सुधारत नाही.

मग ज्यांच्याकडे पाऊस होता आणि तरी असंच धनुष्य हवं होतं, त्यांनी काय केलं? कोरियातल्या गाकगुंग नावाच्या धनुष्याचा गाभा बांबूचा असतो, पोटाला म्हशीचं शिंग, पाठीला स्नायू, आणि त्यावर भूर्ज वृक्षाच्या सालीचं आवरण. सालीत मेणासारखे पदार्थ असल्यामुळे ती पाणी धरत नाही. तरीही सालीवर विसंबून कोणी राहत नाही. धनुष्य उबदार पेटीत ठेवायचं आणि ऐन पावसाळ्यात शक्यतो बाहेरच काढायचं नाही, हा तिथला शिरस्ता. जपान्यांनी शिंग आणि स्नायू दोन्ही टाळले. त्यांचं लांबलचक यूमी बांबू आणि लाकूड जोडून होतं. जोडाला सरस, पण वरून वेताचे आवळ वेढे आणि त्यावर उरुशी या झाडाच्या चिकाचं लाखकाम. सरसाने दगा दिला तरी वेत धरून ठेवेल, अशी ती दुहेरी सोय.

उत्तर अमेरिकेत १९११ मध्ये ओरोव्हिल गावी इशी नावाचा याही जमातीचा शेवटचा माणूस सापडला. पुढे सॅन फ्रान्सिस्कोत डॉक्टर सॅक्स्टन पोप यांनी त्याच्याकडून धनुर्विद्या शिकून सविस्तर लिहून ठेवली. इशीच्या धनुष्याच्या पाठीवर स्नायू असत. आणि ते तो उघडं टाकत नसे, पहाडी सिंहाच्या शेपटीच्या कातड्याची खोळ त्याला असे.

आपल्याकडे शिंग-स्नायूंचं धनुष्य आलं ते उत्तरेकडून, सुलतान आणि मोगलांबरोबर अधिक प्रमाणात. त्यावर रंग आणि रोगणाचे थर देऊन फुलापानांची नक्षी काढत. आपण संग्रहालयात ती नक्षी पाहून ‘काय कला!’ म्हणतो. तिचं पहिलं काम ओलावा अडवणं हे होतं. तेवढ्यानेही भागत नसे, म्हणून हिंदुस्थानी लोहारांनी सतराव्या-अठराव्या शतकांत चक्क पोलादाची धनुष्यं केली. पोलादी धनुष्य जड, त्याची फेकही कमी. पण शस्त्रागारात चार पावसाळे पडून राहिलं तरी ते वाकडं होत नाही. गंजलं तर घासता येतं. धनुष्य पोलादाचं करावं लागणं, ही सरसाच्या हरण्याची सर्वांत स्पष्ट कबुली आहे.

मराठ्यांचं वेळापत्रक या बाबतीत सोयीचं होतं. पावसाळ्यात छावणी, दसऱ्याला शस्त्रपूजा आणि सीमोल्लंघन. १६६३ च्या अखेरीस सुरतेकडे जाताना शिवाजी महाराजांचा मुक्काम जव्हारजवळच्या शिरपामाळावर झाला, असं इथे सांगतात. सुरतेची लूट जानेवारी १६६४ ची. त्या दिवसांत जव्हारची हवा कोरडी खडखडीत असते. तोड्याच्या बंदुकीची दारू असो की धनुष्याची तांत, दोन्हींना तोच हंगाम मानवतो. रानात राहणाऱ्याला मात्र दसऱ्याची वाट पाहून चालत नाही. डुक्कर भाताच्या खाचरात श्रावणातच उतरतं.

आणि इथेच बांबू कामाला येतो. बांबूच्या सालीलगतच्या भागात तंतू दाट असतात आणि आतल्या बाजूला विरळ होत जातात. म्हणजे ताण सोसणारा थर निसर्गाने आधीच बसवून दिलेला आहे, त्याला चिकटवायला सरस नको. सालीवर मेणाचं आणि सिलिकाचं कवच असतं, त्यातून पाणी सहजी शिरत नाही. ते फक्त टोकांच्या आणि पेराच्या कापातून शिरतं. स्नायूंचा थर जे दोन्ही करू पाहतो, ताण सोसणं आणि लाकूड झाकणं, ते या गवतात जन्मतःच एकत्र आहे. पश्चिम भारतातल्या भिल्लांच्या धनुष्याला तर दोरीसुद्धा बांबूच्या पातळ पट्टीची असल्याच्या जुन्या नोंदी आहेत. आतड्याची तांत पावसात लिबलिबीत होते. बांबूची पट्टी भिजली तरी दोरीचं काम करत राहते.

हे ज्ञान जुनं आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आयुधागाराच्या प्रकरणात धनुष्याचे चार प्रकार येतात: ताडाचं, बांबूचं, लाकडाचं आणि शिंगाचं. दोऱ्यांच्या यादीत मूर्वा, रुई, ताग यांच्याबरोबर बांबूही आहे आणि स्नायूही. राजाच्या कोठारात दोन्ही हवेत, एवढंच तो सांगतो. कुठलं श्रेष्ठ ते सांगत नाही. मला हा व्यवहारीपणा आवडतो. अर्थात पावसापुढे एकसंध धनुष्यही अजिंक्य नव्हतं. इसवी सनपूर्व ३२६ मध्ये झेलमच्या काठी पोरसाच्या तिरंदाजांची माणसाएवढी उंच धनुष्यं धड चालली नाहीत. ती जमिनीला टेकवून ओढावी लागत आणि पावसाने जमीन निसरडी झाली होती, असं रोमन इतिहासकार कर्टिअस लिहितो. धनुष्य शाबूत, चिखलाने घात केला.

जव्हार-मोखाड्याला जोडकाम आणि चिकटकाम येतच नव्हतं, असंही कोणी समजू नये. तारपा हे वाद्य पाहावं. वाळवलेल्या दुधी भोपळ्याचा पोकळ फुगा, त्यात बसवलेल्या बांबूच्या नळ्या, पुढे ताडाच्या पानांचा कर्णा. तीन वेगळ्या जातींचे पदार्थ, आणि सांध्यातून हवा जरा जरी निसटली तरी सूर गेला. ते सांधे बुजवले जातात मधमाशीच्या मेणाने. सरस सांधा घट्ट धरतो पण पाण्याला घाबरतो. मेणाला ताकद नाही, पण पाणी त्याला शिवत नाही. तारप्याच्या सांध्यावर ओढ नसते, म्हणून मेण चालतं. बोहाडा या इथल्या उत्सवातले मुखवटे याच्या उलट. इथल्या मुखवट्यांत कागदाच्या लगद्याचे मुखवटेही असतात, आणि ते पावसात टिकणार नाहीत हे उघड आहे. म्हणून बोहाडा उन्हाळ्याच्या बाजूला होतो आणि राम-रावणाची तोंडं पावसाळाभर घरात कोरडी राहतात. हाती असलेल्या पदार्थाचा हंगाम ओळखून काम नेमायचं, हे इथलं जलरोधक तंत्र.

तरीही एक प्रश्न मनातून जात नाही. समजा एखाद्याने हट्टाने ठरवलं, की याच डोंगरावर स्नायूंची पाठ असलेलं धनुष्य करायचं आणि तेही पावसाळ्यात टिकवायचं. जिल्ह्यात लागणारं काय काय मिळेल?

सरसापासून सुरुवात करू. धनुष्यासाठी सर्वांत नावाजलेला सरस माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून होतो. तुर्क स्टर्जन माशाची पिशवी वापरत, कोरियन क्रोकर माशाची. जपानीत अशा सरसाला ‘निबे’ म्हणतात ते एका क्रोकर माशावरूनच. त्याच कुळातला आपला मासा म्हणजे घोळ. शास्त्रीय नाव प्रोटोनिबिया डायाकँथस, त्या नावात निबे आहेच. घोळीच्या या पिशवीला आपल्या किनाऱ्यावर भोत म्हणतात. म्हणजे जगातल्या उत्तम धनुष्य-सरसाचा कच्चा माल जव्हारपासून काही तासांच्या अंतरावर, सातपाटी-मुरब्याच्या धक्क्यावर उतरतो. फक्त तो परवडणार नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये मुरब्याच्या एका मच्छीमाराच्या जाळ्यात १५७ घोळी सापडल्या आणि लिलावात त्यांचे १ कोटी ३३ लाख रुपये आले. त्या किमतीमागे मुख्यतः भोत होतं. परदेशात त्याचं सूप आणि औषध होतं, विरघळणारे टाके होतात, मद्य नितळ करायला ते वापरतात. तिरकामठ्यासाठी कोण देणार? तेव्हा म्हशीच्या कातड्याचा सरस बरा. स्नायूही म्हशीचेच. महाराष्ट्रात मार्च २०१५ पासून बैलाच्या कत्तलीवरही बंदी आहे. हरणाकडे पाहायचंही नाही, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद आहे. स्नायूंवर सापाचं किंवा घोरपडीचं कातडं ताणायची युक्ती अनेक देशांत होती, तीही इथे त्याच कायद्याने बाद.

मग सरस पक्का कसा करायचा? चामडं कमावणारा जे करतो तेच. कच्चं कातडं पाण्यात सडतं, कमावलेलं सडत नाही, कारण टॅनिन कोलॅजनच्या धाग्यांना एकमेकांत बांधून टाकतं. हिरडा या डोंगरात आहे, त्याच्या फळात भरपूर टॅनिन असतं. पण हिरड्याचा काढा पातळ सरसात ओतला तर सरस लगेच फाटतो आणि दह्यासारख्या गुठळ्या होतात. काढा द्यायचा तो थर पूर्ण वाळल्यावर, वरून, हलक्या हाताने. तुरटी थोडी असेल तर सरसातच चालते. जास्त झाली तर थर कडक होऊन तडकतो, आणि धनुष्याला कडक थराचा उपयोग नाही. धुरातही अशाच बांधणाऱ्या वस्तू असतात, धुरावर कातडी कमावण्याची पद्धत त्यावरच चालते.

त्यावर लेप कसला? पळसावर आणि कुसुमावर होणारी लाख सर्वांना सुचते. लाख पाण्यात विरघळत नाही खरी, पण तिचा जाड थर ठिसूळ. धनुष्य दोन-चारदा ओढलं की तिला भेगा पडतात आणि ओलावा नेमका भेगेतून शिरतो. जिथे काही वाकत नाही अशा जागी ती चांगली. शिवाय लाख विरघळवायला कडक अल्कोहोल लागतं. मोहाची पहिल्या धारेचीही त्या कामाला पुरत नाही, तिच्यात पाणी फार. ती दुसऱ्या कामाला ठेवावी.

जवसाचं तेल पातळ हातांनी दिलं तर लवचीक थर धरतं, पण प्रत्येक हात वाळायला दिवस लागतात आणि ते सरसाच्या आधी लागलं तर सरस धरतच नाही. माझं मत बिब्ब्याकडे झुकतं. बिब्ब्याचं झाड जपानी उरुशीच्या कुळातलं, आंबा-काजूही त्याच कुळातले. बिब्ब्याचा काळा चीक आणि उरुशीचा चीक यांची रासायनिक जात एकच. धोबी कपड्यावर बिब्ब्याची खूण करत, ती कपडा फाटेपर्यंत जात नसे. काजूच्या टरफलाचं तेल होड्यांच्या लाकडाला लावतात तेही याच कारणाने. जपानने ज्या गुणावर हजारो वर्षांचं लाखकाम उभारलं, तो गुण आपल्या रानात आहे आणि आपण त्याने पायातला काटा शेकतो. मात्र बिब्बा उततो. हाताला लागला तर फोड येतात, डोळ्याला लागला तर काय होईल ते सांगायला नको. उघड्या हाताने हा प्रयोग करू नये.

एवढं सगळं करूनही एक गोष्ट उरते, ती मान्य करायला हवी. कुठलाही लेप पाणी अडवतो, वाफ अडवत नाही. तो वाफेचा वेग फक्त कमी करतो. एका सरीपुरतं, एका दिवसापुरतं ते पुरेसं आहे. पण हवेतली आर्द्रता चार महिने ऐंशी-नव्वद टक्क्यांवर राहिली, तर लेपाखालचं लाकूड कधी ना कधी तिच्याशी बरोबरी करतंच. त्या हवेत लाकडात सोळा ते वीस टक्के पाणी राहतं. धनुष्याला हवं असतं साधारण नऊ-दहा टक्के.

यावरचा उपाय म्हणून आता चुलीवरच्या माळ्याचा हिशेब मांडू. बाहेर पंचवीस अंश तापमान आणि नव्वद टक्के आर्द्रता असेल, आणि तीच हवा चुलीवर तापून पस्तीस अंश झाली, तर तिची आर्द्रता एक्कावन्न टक्क्यांच्या आसपास उतरते. त्या हवेत ठेवलेल्या लाकडातलं पाणी नऊ-दहा टक्क्यांवर स्थिरावतं. म्हणजे धनुष्याला हवं असतं तेवढंच. आदिवासी घरात बियाणं, टोपल्या, बांबूचं सामान जिथे धुरात ठेवतात ती जागा आणि कोरियन तिरंदाजाची उबदार पेटी, दोन्ही एकच काम करतात. धुराने भुंगाही दूर राहतो, हा वरचा फायदा. आता गॅस आला, पत्रे आले, काही घरांतून चूल अंगणात गेली. बांबू वर्षभरात पोखरला जातो अशी तक्रार आली, तर एक नजर तिकडेही टाकावी.

हट्टाने करायचंच असेल तर वेळापत्रक पावसानेच आखून दिलं आहे. बांबू कार्तिक-मार्गशीर्षात तोडायचा. लोक वद्य पक्ष पाळतात. पावसाळ्यानंतर बांबूत पिष्ट कमी असतं आणि भुंगा कमी लागतो, हे त्यातलं तपासता येण्याजोगं कारण. पौष-माघात हवा कोरडी, तेव्हा स्नायू चढवायचे. चैत्र-वैशाखाच्या उन्हाळ्यात, पण सावलीत, थर पिकू द्यायचा. लेप मृगाच्या महिनाभर आधी पुरा झालेला हवा. पाऊस लागला की दोरी उतरवायची आणि धनुष्य उबेला न्यायचं. भिजलंच तर सावकाश वाळवायचं. आगीवर धरलं तर बाहेरचा थर आकसतो, आतला ओलाच राहतो आणि पाठ उकलते. एवढी उठाठेव करून हाती जे येईल ते आषाढात वापरता येणार नाही. मोखाड्याचा बांबूचा दांडा मात्र वापरता येईल.

जव्हारला येणारे पर्यटक दाभोसा धबधबा पाहून परतताना वारली चित्राची पाटी घेतात, कधी शोभेचा लहान तिरकामठाही घेतात आणि दोरी चढवलेल्या अवस्थेतच भिंतीला टांगतात. मुंबई-ठाण्याच्या घरात तो पहिल्या पावसाळ्यातच मेल्यासारखा होतो. यात करणाऱ्याची चूक नाही. ताणाखाली असलेला बांबू ओलावा घेतो आणि सोडतो तेव्हा तो कोरड्या हवेपेक्षा कितीतरी अधिक वाकून बसतो, आणि ते वाकणं जात नाही. घरी आणल्यावर दोरीचं एक टोक सोडवून ठेवावं, दांड्याची दोन्ही कापलेली टोकं मेणाने किंवा लाखेने बंद करावीत आणि जून ते सप्टेंबर तो स्वयंपाकघराच्या कोरड्या भिंतीला, उंचावर ठेवावा.